जामीनदाराचं नाव

सांडोर, २२ जुलै २०००

बर्था,

पत्राच्या वर नमस्कार घातलेला नाही. विसरले म्हणून नाही.

काल दुपारी वाडीत केळीच्या बुडाशी फुटलेले मुनवे काढत होते. घरी आले तर ओटीवर पतपेढीचा वसुलीवाला बसलेला आणि सुमेध त्याच्यापुढे मान खाली घालून उभा. मला बघून तो माणूस उठला, हातातला कागद त्याने पिशवीत घातला आणि गेला. मग सुमेधने सांगितलं. तुझ्या फेबियनने पतपेढीतून साठ हजारांचं कर्ज काढलं. सुमेध त्याला जामीन राहिला. आता फेबियन बहारीनच्या हॉटेलात नोकरीला जाऊन बसला, हप्ते थकले आणि पतपेढी माझ्या मुलाच्या दारात आली.

मी पायरीवरच बसले. हातांची माती धुवायचंही सुचलं नाही.

आमच्या घरात किराणासुद्धा कधी उधारीवर आला नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. कोणी जामीन राहा म्हणून आलं तर हे म्हणायचे, "जेवून जा, पण सही मागू नका." हे गेले त्याला दोन वर्षं होत आली. आता त्याच ओटीवर वसुलीवाला. आणि तोही कोणामुळे? तर जो माझ्या हातची पानगी खात खात मोठा झाला, आपल्या घराला दोन दारं आहेत असं म्हणायचा, त्या फेबियनमुळे.

लतिकाच्या घरी फोन लावला होता. बूथवाला मीटरकडे बघत होता आणि तुझी मुलगी सांगते, आई झोपली आहे. सकाळी दहा वाजता तू कधी झोपलीस? आजारी असलीस तरी झोपत नाहीस.

लतिकाचं बाळंतपण उरकून महिन्याभरात येते म्हणालीस आणि नाशिकची झालीस. जाताना दारातला फणसही तोडून विकलास. दोन्ही घरं त्याचे गरे खात होती. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, वादळात घरावर पडेल. तुझ्या सासऱ्यांच्या, व्हिन्सेंटभाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून तो पडला नाही, आणि आता पडणार होता? आज मला वाटतं, तुला परत यायचंच नव्हतं.

फेबियनला कळव. पैसे भर म्हणावं. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, दर शनिवारी उघडून केर काढते. त्यात खंड पडणार नाही. पण हे मी विसरेन असं समजू नकोस.

सरला


सांडोर, १२ सप्टेंबर २०००

बर्था,

उत्तर नाही. बरं. लिहायला मला तूच शिकवलंस, त्याचे भोगही आता तूच भोग.

सुमेधने मोटारसायकल विकली. गोखिवऱ्याच्या कारखान्यात सायकलवरून जातो. रेल्वेचा पूल आला की खाली उतरून ढकलतो. कॅन्टीनचं जेवण बंद, डब्यात भाकरी आणि वाडीतलं काहीतरी. केस घरी कापतो, मागचे मी कापते. कारखान्यातली मुलं विचारतात, "काय रे, उंदराने कुरतडले का?" मित्रांच्या लग्नांना जात नाही, कारण आहेर द्यावा लागतो. एकदा जोडे घालून, कपडे करून ओटीपर्यंत आला आणि मागे फिरला.

जोड्यांवरून आठवलं. त्याचे फाटले तेव्हा नवे घेतले नाहीत. यांचे काळे बूट पेटीत होते. त्याला ते मोठे होतात, पुढे कागद कोंबून घालतो. पहिल्या संध्याकाळी ते बूट ओटीवर वाजले आणि मी आतून म्हणाले, "आज लवकर?" बाहेर सुमेध होता.

केबल काढली. वर्तमानपत्र बंद केलं, आणि ते त्यानेच आधी सुचवलं. गेल्या वर्षी सकाळी पेपर आला की आतल्या पानावरचे ते बारीक आकडे बोट धरून वाचत बसायचा, चहा निवून जायचा. आता पेपर नको म्हणतो. मी वाचनालयात जाऊन आदल्या दिवसाचा वाचते. शिळी झाली म्हणून बातमी खोटी होत नाही.

माझंही थोडं कमी केलं आहे. ते सांगण्यासारखं नाही.

गणपती आमच्याकडे पाच दिवसांचा, यांच्या आजोबांपासून. यंदा दीड दिवसात पाठवला. भटजींनी विचारलं, "सुतक वगैरे आहे का?" शेजारणींनी विचारलं. विसर्जनाच्या वाटेवर ज्याने त्याने विचारलं. मी सांगितलं. पारनाक्याच्या बाजारात दुधी घेऊन बसते तिथेही सांगितलं. आम्ही कशाला लपवायचं? मित्राचं कर्ज डोक्यावर घेऊन माझा मुलगा पोटाला चिमटा काढतो आहे, यात लाज फेबियनला वाटावी.

लोक हळहळतात. सुमेधला आवडत नाही. "आई, बाजारात कशाला बोलतेस," एवढंच म्हणतो. स्वभावच तसा आहे त्याचा, दुसऱ्याला उघडं पाडत नाही.

सरला


सांडोर, १९ नोव्हेंबर २०००

बर्था,

एक चांगली बातमी आहे. ती सांगायला दुसरं माणूस आठवलं नाही याचा मला राग येतो आहे.

सुमेधला स्थळ आलं. मुलगी ऋतिका, अंधेरीला कंपनीत हिशेब बघते. आमच्यातलीच माणसं, मूळची केळव्याची, आता बोळिंजला फ्लॅट घेऊन राहतात. सांगून आलं तेच मुळी या कर्जामुळे. तिच्या वडिलांनी बाजारात ऐकलं, चौकशी केली, कारखान्यात जाऊन आले. मग घरी आले. सुमेधचे बूट दाराशी होते, त्यातला कागद दिसत होता. त्यांनी तो पाहिला आणि मला म्हणाले, "जो मुलगा मित्राची जबाबदारी टाकत नाही, तो बायकोची टाकणार नाही. मला पगार नको, हे हवं होतं."

मला रडू आलं. सुमेध पाणी आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ आलाच नाही.

आता दुसरी गोष्ट. गिरीज गावच्या ज्या मुलीशी फेबियनचं ठरत आलं होतं, तिच्याकडच्यांनी त्याला नकार दिल्याचं कानावर आलं. जानेवारीत तो रजेवर येणार होता, मग तुमच्या ख्रिस्ती रीतीप्रमाणे तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारणार होते, कोणाची हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. पुकारण्याआधीच हरकत आली. तू म्हणशील मी घेतली. मुलीची आत्या माझ्याकडून भाजी घेते. तिने विचारलं, "कर्जाचं खरं का हो?" मी सांगितलं, खरं. विचारलेलं सांगितलं, यात माझं काय चुकलं?

ऐकलं तेव्हा मला समाधान वाटलं. तुझ्यापाशी खोटं लिहीत नाही. मग शनिवारी तुझ्या घरात केर काढायला गेले. भिंतीवर फेबियनचा पहिल्या कम्युनियनचा फोटो आहे, हातात मेणबत्ती आणि शेजारी आमचा सुमेध, त्यालाही मेणबत्ती हवी म्हणून रडून डोळे सुजवलेला. समाधान टिकलं नाही.

पण तू एक ओळ तरी लिहायची होतीस.

सरला


सांडोर, ९ जानेवारी २००१

बर्था,

घाईत लिहिते आहे. अक्षर लावून घे.

साखरपुडा २८ तारखेला ठरला. मला वाटलं, नव्या आयुष्यात पाऊल टाकताना मुलाच्या पाठीवर परक्याचं ओझं नको. माझ्या पाटल्या पेटीत पडून होत्या. मला आता काय त्यांचं? सुमेधला न सांगता मोडल्या आणि आज सकाळी पैसे घेऊन पतपेढीत गेले. खिडकीत चष्मा लावलेली मुलगी होती. मी म्हटलं, फेबियनच्या कर्जाचं जेवढं राहिलं असेल तेवढं सांग, सगळं भरून टाकते.

ती म्हणाली, "फेबियन यांच्या नावावर कर्ज नाहीये. ते जामीनदार आहेत."

मी म्हटलं, मुली, उलटं सांगते आहेस. जामीनदार माझा मुलगा.

तिने माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन मॅनेजरना बोलावलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. खुर्ची आणि चहा एकदम आले तेव्हाच मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. हे गेले त्या दिवशी दवाखान्यातही मला आधी खुर्ची दिली होती.

ते म्हणाले, "बाई, कर्ज तुमच्या मुलाने काढलंय. घरदुरुस्तीसाठी. चार हप्ते भरले आणि थांबला. आम्ही जामीनदाराच्या पगारातून कापायला लागलो. तो मुलगा एका शब्दाने बोलला नाही. परदेशी गेला तेव्हा त्याची आई येऊन तोवरचं थकलेलं एकरकमी भरून गेली. म्हणून तुमच्या दारात जप्ती नाही आली. पुढच्या हप्त्यांसाठी नुसता वसुलीचा माणूस आला."

मी विचारलं, तिने पैसे कुठून आणले?

"झाड विकलं म्हणाल्या."

बर्था, मी रस्त्यावर कशी आले ते आठवत नाही. पैसे भरले की नाही तेही आठवेना. पिशवी उघडून बघितली, पुडकं तसंच होतं. चहा प्याला होता का, तेही माहीत नाही. एक रिक्षावाला ओरडला तेव्हा कळलं की मी मधोमध उभी आहे.

घरदुरुस्ती. आमच्या घराचं एक कौल बदललेलं नाही.

मी किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. त्या दिवशी वसुलीवाल्याच्या हातातला कागद मागून घेतला नाही. माझ्या मुलाने सांगितलं आणि मी ऐकलं.

तुला सगळं माहीत होतं. जुलैत माहीत होतं, गणपतीत माहीत होतं. मी फणसावरून बोलले तेव्हाही. तीन पत्रं तू वाचलीस आणि एकदाही लिहिलं नाहीस की सरला, आधी आपल्या घरात विचार.

मला अजून वाटतं ती मुलगी चुकली असेल. सुमेध कामावरून यायचा आहे. ओटीवर बूट वाजतील.

सरला


सांडोर, १३ जानेवारी २००१

बर्था,

ती मुलगी चुकली नव्हती.

मी त्याला जेवू दिलं, मग विचारलं. मला वाटलं होतं तो नाकारेल. नाकारलं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता, इतकी मी अजून मूर्ख आहे. तो हात धुवून आला आणि सरळ म्हणाला, हो, माझंच.

शेअर. गेल्याच्या गेल्या वर्षी स्टेशनजवळच्या एका ऑफिसात पडद्यावर आकडे पळायचे आणि कारखान्यातली मुलं सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसायची. आज घेतलं की आठवड्यात दीडपट. सुमेधचेही आधी वाढले. म्हणून कर्ज काढून घातले. गेल्या मार्चनंतर सगळंच खाली आलं. पेपरातले ते बारीक आकडे बोटाने वाचायचा ते हेच. मला वाटायचं पोरगा किती अभ्यासाने पेपर वाचतो.

मी विचारलं, मग फेबियनचं नाव का घेतलंस?

तो म्हणाला, "जामीन राहून बुडालो म्हटलं की लोक हळहळतात, आई. शेअरमध्ये घालवले म्हटलं की हसतात. त्या दिवशी तू दारात आलीस, तुझ्या हाताला माती होती, आणि मला तुझ्या तोंडाकडे बघवेना. म्हटलं, आठ दिवसांनी खरं सांगीन."

आणि मग म्हणाला, "मी एकदाच खोटं बोललो. घरात. बाकी सगळं तू बोललीस."

मी त्याला मारायला हात उचलला. पंचवीस वर्षांचा आहे. तो हललाही नाही. माझाच हात खाली आला, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

फेबियनला त्याने बूथवरून फोन करून हे सांगितलं होतं म्हणे, ऑगस्टमध्येच. फेबियन म्हणाला, तुझी आई आहे, कधी सांगायचं ते तू ठरव, पण डिसेंबरच्या आत सांग, मला लग्न करायचंय. डिसेंबर गेला. तोपर्यंत बोळिंजची माणसं घरी येऊन गेली होती. "आता कसं सांगणार होतो?" मला विचारतो.

त्याने सोडलेलं सगळं खरं आहे, बर्था. सायकल खरी, भाकरी खरी. मी चोरून बघितलं, बुटातला कागदही भिजून लगदा झालेला आहे. कष्ट खरे आहेत आणि त्यांच्यावर लावलेलं नाव खोटं आहे. हे दोन्ही एका मुलात कसं मावतं, ते मला कळत नाही. तीन दिवस मी त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघते आहे.

गिरीजला जाऊन मुलीच्या वडिलांना खरं सांगायला हवं, हे मला समजतं. पण मी सांगितलं की ते बोळिंजला पोचायला वेळ लागणार नाही. ऋतिकाच्या वडिलांनी ज्या एका गोष्टीसाठी माझा मुलगा निवडला, ती गोष्ट फेबियनची आहे.

म्हणून तुझ्याकडे मागते. २८ तारखेचा साखरपुडा होऊन जाऊ दे. मग मी स्वतः गिरीजला जाईन. पंधरा दिवस. तू इतके महिने थांबलीस, आणखी पंधरा दिवस थांब.

हे वाक्य मी लिहिलं आहे. खोडत नाही.

सरला


सांडोर, २३ जानेवारी २००१

बर्था,

शनिवारी तुझा दीर रॉबर्ट आला. तुझ्या घराची किल्ली मागितली. म्हणाला, वहिनीने फोन करून सांगितलंय, किल्ली आता तुझ्याकडे ठेव. मी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. रॉबर्टला तू जाणतेस, तोंडाचा तिखट. म्हणाला, "सरलाबाय, उशीर झाला तसा. घरातून जायला आता काय राहिलंय? नाव होतं, तेपण गेलं."

मी म्हटलं, रॉबर्टभाऊ, तुम्हाला काय वाटतं, फेबियनने पैसे बुडवले असतील?

तो म्हणाला, "आमचा पोरगा तसा वाटत नाय. पण तुम्ही वाचणाऱ्या बाई. तुम्ही उगाच कशाला बोलाल?"

म्हणजे त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. आपल्या सख्ख्या पुतण्यावर न ठेवता माझ्यावर. आणि तुझ्या घरातल्यांनाही तू काही सांगितलं नव्हतंस. तो पायऱ्या उतरून गेला आणि मी तिथेच उभी राहिले, रिकामा खिळा बघत. साखरपुडा होईपर्यंत थांबायचं माझं ठरलेलं होतं. ते तिथे संपलं.

सोमवारी सकाळी गिरीजला गेले. सुमेधला सांगून गेले. तो म्हणाला, मी येतो. मी म्हटलं, नको, तिथे खोटं मी पोचवलंय. तुझं ठिकाण वेगळं आहे, तिथे तू जा.

मुलीचे वडील अंगणात भाजीच्या जुड्या बांधत होते. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं, कर्ज माझ्या मुलाचं. फेबियन जामीन होता, थकलेलं त्याने आणि त्याच्या आईने भरलं. मी बाजारात जे बोलले ते खोटं होतं, मला खरं वाटत होतं तरी खोटं होतं.

ते जुडी बांधत राहिले. सुंभाची गाठ नीट मारली, जादा टोक कापलं आणि मग म्हणाले, "बाय, दोन रविवार झाले."

मला कळलंच नाही. मी विचारलं, कसले?

"तिचं नाव पुकारलं. नंदाखाल गावचा मुलगा आहे. दोनदा पुकारून झालं, या रविवारी तिसऱ्यांदा. चौदा तारखेला सुरू केलं."

चौदा तारीख. तुला पंधरा दिवस मागितले त्याच्या दुसऱ्या दिवशी. पतपेढीतून मी नऊला बाहेर पडले. त्या रस्त्यावरून घरी येण्याऐवजी सरळ गिरीजला गेले असते तर एकदाही पुकारलं गेलं नसतं.

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला पाणी आणून दिलं. वडील म्हणाले, "आता ह्या मुलाचं काय चुकलं? शब्द दिलाय." बरोबर आहे. एका मुलाचं नाव मी घालवलं, आता दुसऱ्याचं कोणत्या तोंडाने घालवायला सांगू?

ते पाणी मी प्याले. नको म्हणायचा मला हक्क नव्हता.

सरला


सांडोर, १२ फेब्रुवारी २००१

बर्था,

झालं ते क्रमाने सांगते.

सुमेध बोळिंजला एकटा गेला आणि सगळं सांगून आला. साखरपुडा मोडला. ऋतिकाच्या वडिलांनी आम्ही दिलेला नारळ आणि साडी परत पाठवली. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले म्हणे, "कर्जबाजारी जावई मी करून घेतला असता. शेअरमध्ये बुडालेलाही. पण तू दुसऱ्याचं चांगलं नाव अंगात घालून माझ्या घरी आलास." सुमेधने मला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. त्यातला एकही गाळला नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

ऋतिका काय म्हणाली, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

फेबियनलाही त्याने फोन केला. तो म्हणाला, आता माझ्यासाठी उशीर झालाय, पण सांगितलंस ते बरं केलंस, माझ्या आईचं बघ. मग मीटर पळतोय म्हणून त्यानेच फोन ठेवायला सांगितलं. अजून सुमेधच्याच पैशांची काळजी.

मी काय केलं ते सांगते. गिरीजची मुलगी गेली. पण फेबियनला उद्या दुसरी कोणी बघायची तर त्याचं नाव धुतलेलं हवं. बाजारात मी रोज थोडं थोडं बोलले होते, ते असं एकदा बोलून पुसलं जाणार नाही. तुमच्यात नाव पक्कं करायला तीन रविवार पुकारतात. म्हणून मीही तीन रविवार धरले. २८ तारखेपासून. तुमच्या देवळाच्या फाटकाबाहेर, जिथे मिस्सा सुटल्यावर बायका भाजी आणि सुकट घेऊन बसतात, तिथे उभी राहिले. पहिल्या रविवारी, ज्या दिवशी माझ्या घरी साखरपुडा व्हायचा होता त्या दिवशी, तोंडातून आवाजच फुटेना. दोघी-तिघींना धरून सांगितलं. सुकटवाली म्हणाली, "बाय, मोठ्याने सांगा की, बाजारात बोलताना तर ऐकू येत होतं." तिचं खरं होतं. मोठ्याने सांगितलं. "कर्ज माझ्या सुमेधचं होतं. बर्थाच्या फेबियनने त्याचे हप्ते भरले. मी खोटं बोलले." लोक थांबले. कोणी मान हलवून गेलं. एकीने विचारलं, मग पोराने सांगितलं नाही का? मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या रविवारी रॉबर्ट बाहेर आला, माझ्याजवळून गेला, थांबला नाही. त्याने थांबावं असं मला वाटलं होतं.

काल तिसरा. सुमेध सायकल घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे उभा होता. माझं सांगून झालं तसा तो रस्ता ओलांडून आला आणि माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "आई सांगते ते खरं आहे." एवढंच. त्याच्या पायात यांचे बूट होते. मी रडले नाही. बसायला खूप वाटत होतं, पण बसले नाही.

आणि तुला केलेली मनीऑर्डर परत आली. पाटल्यांच्या पैशांतली पाठवली होती. तिच्यावर शेरा होता, घेण्यास नकार. टपालवाल्याने मोजून परत दिले तेव्हा त्याच्यासमोर माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. आधी मला राग आला. मग वाटलं, तू बरोबर केलंस. ते पैसे माझे होते. देणं माझं नव्हतं.

एक लपवलेलं सांगते. गणपतीपासून मी रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेत होते. सुमेधला पाकीट सापडलं. आता रोज समोर उभा राहून घ्यायला लावतो. पाटल्यांच्या पैशांतले थोडे त्यासाठी बाजूला ठेव म्हणाला, बाकीच्यांच्या परत पाटल्या कर. मी अजून ठरवलेलं नाही.

सरला


सांडोर, २० मार्च २००१

बर्था,

सुमेध आता पतपेढीचा हप्ता भरतो आणि तुझ्या नावाने वेगळं काढतो. सायकलच आहे. केस मीच कापते. बदल एवढाच झाला की कारखान्यात कोणी विचारलं तर कारण सांगतो. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हसले म्हणे. घरी येऊन म्हणाला, "हसले, आई. पण संपलं."

या महिन्याची मनीऑर्डर त्याने पाठवली, त्याच्या नावाने. खालच्या जागेत काय लिहायचं म्हणून बराच वेळ पेन धरून बसला होता. शेवटी लिहिलं, "फेबियनच्या पैशांतले. बाकी दर महिन्याला. सुमेध."

मी टपालवाल्याची वाट बघायची नाही असं ठरवलं होतं. तरी रोज त्या वेळेला ओटीवर काहीतरी निवडत बसायचे. आज तो आला. पैसे परत आले नाहीत. नुसती पोच आली.

तिच्यावर तुझी सही आहे. लतिकाची नाही, तुझी. 'ब'चं पोट अजून तसंच मोठं काढतेस. पाटीवर मला गिरवून द्यायचीस तसं. तेव्हा मी म्हटलं होतं, हा ब गरोदर दिसतो, आणि आपण दोघी हसलो होतो.

दुसरं काही लिहिलेलं नाही. पोचेवर लिहायला जागाही नसते. मी उलटून पाहिलं.

सुमेध कामावरून आला की त्याला दाखवीन. आज तुला दुसरं काही मागत नाही. नमस्कार घालते, तेवढा घे.

तुझी
सरला